वारो इलो की लाइन जाता

आमच्याकडे फोन बिघडत नसे, तो 'डेड' होई. रिसीव्हर उचलला आणि कानात काहीच आलं नाही तरी डेड, खरखर आली तरी डेड, पलीकडचा आवाज विहिरीतून आल्यासारखा आला तरी डेडच. पावसाळ्यात दुकानावर भेटलेली माणसं एकमेकांना आधी हेच विचारायची, "तुमचो चालू हा की डेड?" तक्रारवहीतही तेवढंच लिहिलं जायचं: नंबर, वाडीचं नाव, डेड.

२००२ च्या मिरगापासून दिवाळीपर्यंत मी या एका शब्दाशी झगडत होते. माझं भांडण फोनशी नव्हतं, इंटरनेटशी होतं. पण त्याची वाट त्याच तारेतून जात होती.

पुण्यातली माझी कंपनी २००१ च्या मंदीत बंद पडली आणि मी देवगड तालुक्यातल्या घरी परत आले. चिऱ्याचं घर, वर नळे, पुढे खळं, मागे उतारावर हापूसची कलमं आणि त्याखाली माडांची वाडी. समुद्र दिसत नाही, ऐकू येतो. सोबत मी पुण्यात जुळवलेला संगणक आणला होता आणि एक काम. मुंबईतल्या काही मित्रमैत्रिणींनी लिनक्सच्या, म्हणजे विंडोजच्या जागी चालणाऱ्या खुल्या प्रणालीच्या, पडद्यावर दिसणारी वाक्यं मराठीत आणायला घेतली होती, त्यातला एक वाटा माझा. पैसे नव्हते त्यात. एका फाइलमध्ये इंग्रजी वाक्य आणि खाली आपण लिहायचं मराठी, अशा शेकडो जोड्या असत. फाइल मेलने यायची, पुरी करून मेलनेच परत जायची. नुसता मजकूर, दाबून बांधला की पन्नास-साठ किलोबाइट. भारतात सामान्य माणसाला इंटरनेट मिळू लागलं १५ ऑगस्ट १९९५ ला. सात वर्षांनी एवढं ओझं आमच्या माजघरातून बाहेर पडायला हरकत नव्हती.

गावात एक्स्चेंज होतं, हीच मुळात मोठी गोष्ट. १९८४ मध्ये सुरू झालेल्या सी-डॉट या सरकारी टेलिफोन संशोधन केंद्राने खेड्यांसाठी १२८ जोडण्यांचं एक लहान डिजिटल एक्स्चेंज तयार केलं. वातानुकूलित खोली नसली तरी ते चालायचं. पहिलं १९८६ मध्ये कर्नाटकात कित्तूरला लागलं आणि मग त्या जातीची कपाटं देशभरातल्या गावांत पोचली. तशाच एका कपाटातून निघालेली तांब्याची जोडी खांबाखांबांवरून, माडांमधून, साकवावरून आमच्या पडवीतल्या रोझेटपर्यंत, म्हणजे फोन जिथे जोडतात त्या डबीपर्यंत, येत होती.

संगणकात एक मोडेम, म्हणजे संगणकाला फोनच्या तारेवरून बोलू देणारं यंत्र, आधीपासून होता, आत खोचलेलं कार्ड. विंडोजमध्ये तो चालायचा, लिनक्सला तो दिसतच नव्हता. आठवडाभर मी आज्ञा बदलबदलून पाहिल्या. मग उमगलं की ते कार्ड म्हणजे अर्धाच मोडेम. आकड्यांचे सूर बांधायचे आणि आलेल्या सुरांतून आकडे ओळखायचे, हे मोडेमचं खरं गणित त्या कार्डावर नव्हतंच. विंडोजचा ड्रायव्हर, म्हणजे कार्ड हाकणारा प्रोग्रॅम, ते संगणकाच्या प्रोसेसरकडून करून घ्यायचा. अशांना विनमोडेम म्हणत. काही चिपांसाठी लिनक्सवाल्यांनी खटपट करून ड्रायव्हर बनवले होते. माझ्या कार्डासाठी तेव्हा काही हाती लागलं नाही.

मग मी गगनबावड्यावरून एस.टी.ने कोल्हापूरला गेले आणि बाहेरून जोडायचा सीरियल मोडेम घेऊन आले. आंब्याच्या पाच पेट्यांचे पैसे त्यात गेले. बाबा काही बोलले नाहीत, फक्त खोकं हातात घेऊन वजन पाहिलं.

तो मोडेम मला फार आवडला, आणि त्याचं कारण त्याच्या पुढच्या बाजूचे दिवे. एक संगणक तयार असल्याचा, एक फोन उचलल्याचा, एक पाठवल्याचा, एक आल्याचा आणि सगळ्यांत महत्त्वाचा 'सीडी', म्हणजे कॅरिअर, पलीकडच्या मोडेमचा सूर, सापडल्याचा. आतल्या कार्डाला तोंडच नव्हतं. हा मात्र काय चाललंय ते तोंडावर दाखवत होता.

मिनिकॉम नावाचा एक साधा प्रोग्रॅम असतो. त्यातून थेट मोडेमशी बोलता येतं. मोडेम जिथे जोडतात ते पोर्ट, विंडोजचं कॉम-वन, म्हणजे इथे टीटीवायएस-शून्य, इथली मोजणी शून्यापासून. पोर्ट तो दिला, 'एटी' टाइप केलं, एंटर दाबलं आणि खाली उमटलं 'ओके'. एटी म्हणजे अटेन्शन, लक्ष दे. १९८१ मध्ये हेझ कंपनीच्या स्मार्टमोडेमबरोबर ही आज्ञांची भाषा आली आणि वीस वर्षांनी कोल्हापुरात विकत घेतलेल्या यंत्रालाही तीच समजत होती. त्या दोन अक्षरांनी मला जे दिलं ते आधीच्या आठवड्याने दिलं नव्हतं. संगणकापासून मोडेमपर्यंतची वाट ठीक आहे. आता जे काही बिघडलेलं असेल ते याच्या पुढे.

पुढे लगेचच होतं. नंबर फिरवायची आज्ञा दिली की उत्तर यायचं, 'नो डायलटोन'. मी रिसीव्हर उचलून कानाला लावला तर टोन स्वच्छ येत होता. मोडेम खोटं बोलतोय असं वाटलं. तसं नव्हतं. तो ज्या चालीचा टोन ओळखायला शिकला होता तसा आमच्या एक्स्चेंजचा नव्हता, इतकंच. माणसाच्या कानाला तो चालला, त्याला चालला नाही. 'एटीएक्स-तीन' म्हटलं की मोडेम टोनची वाट न पाहता नंबर फिरवतो. तसं केलं आणि पहिल्यांदा पलीकडून कोणीतरी फोन उचलला.

तो आवाज ज्यांनी ऐकला आहे त्यांना सांगायला नको. बहुतेकांना तो कर्कश वाटायचा आणि तो बंद करण्याची आज्ञा, एटीएम-शून्य, सगळे एकमेकांना आवर्जून सांगायचे. मी ती कधी दिली नाही. रात्री आई झोपलेली असायची म्हणून आवाज बारीक केला, एवढंच. आधी एक सरळ लांब सूर येतो, २,१०० हर्ट्झचा, मधेमधे हिसका दिल्यासारखा. तो वाटेतल्या यंत्रांना सांगत असतो की प्रतिध्वनी दाबायचं तुमचं काम आता थांबवा, इथे माणसं बोलणार नाहीत. मग दोघे बारीक आवाजात ओळख करून घेतात. मग अनेक सूर एकदम वाजवून, त्यांतला कुठला किती पोचतो ते मोजतात. फणसावर बोटं मारून आत पिकलाय का ऐकतात ना, अगदी तसं ते तारेवर बोटं मारणं असतं. टेलिफोनच्या तारेतून साधारण ३०० ते ३,४०० हर्ट्झ एवढीच पट्टी धड जाते. तिच्यातलीही कुठली बाजू सडकी आहे ते दोघे आधी तपासतात, वेग ठरवतात आणि मग फस्स करून सुटतात, पाऊस नळ्यांवर पडावा तसे. महिन्याभरात मला नुसत्या आवाजावरून कळायला लागलं की आज तपासणी दोनदा झाली, म्हणजे तार ओली आहे.

पडद्यावर 'कनेक्ट ११५२००' आलं तेव्हा मी आईला उठवायला निघाले होते. तो आकडा संगणक आणि मोडेम यांच्यामधल्या वायरीचा असतो, फोनच्या तारेचा नाही. 'एटीडब्ल्यू-दोन' सांगितल्यावर मोडेम खरा आकडा देऊ लागला. २८,८००. खोक्यावर ५६,००० छापलेलं होतं. सेकंदाला २८,८०० बिट म्हणजे जेमतेम तीन किलोबाइट. माझी फाइल वीस सेकंदांत गेली असती. मला पुरे होतं.

पण सीडीचा दिवा लागला म्हणजे इंटरनेट आलं असं नाही. दोन मोडेमना एकमेकांचा सूर लागला, एवढंच. पुढे पीपीपी, म्हणजे दोन यंत्रांनी फोनच्या तारेवरून इंटरनेटचं बोलणं कसं करायचं त्याचे नियम. १९९४ च्या जुलैत ज्याचा आजचा ठराव पक्का झाला तो हा नियमसंच, आणि लिनक्सवर तो सांभाळणारा प्रोग्रॅम पीपीपीडी. त्याला 'डीबग' म्हटलं की तो झालेलं सगळं बोलणं नोंदवहीत लिहितो. दुसऱ्या खिडकीत ती नोंद वाहती ठेवायची आणि वाचत बसायचं. मला त्या पहिल्या रात्री आमच्याकडच्या लग्नाच्या याद्या आठवल्या. ओटीवर दोन्हीकडची माणसं बसतात, एक यादी वाचतो, दुसरा उत्तर देतो. इथेही उत्तरं तीनच प्रकारची. 'मान्य'; 'बाब मान्य, पण आकडा बदला'; आणि 'ही बाबच यादीतून काढा'. मग सुधारलेली यादी पुन्हा. दोन्ही बाजूंचं 'मान्य' आलं की पुढची बैठक, ओळख पटवण्याची. त्यानंतर तिसरी, पत्ता देण्याची.

माझं लग्न दुसऱ्या बैठकीत मोडत होतं. पासवर्ड नामंजूर. तोच पासवर्ड विंडोजमध्ये चालत होता, म्हणून मी चार दिवस भलतीकडे शोधत राहिले. नोंदीत पासवर्ड झाकलेला दिसतो. शेवटी तो उघडा दाखवायची सोय चालू केली आणि दिसलं की पलीकडे अर्धाच जातोय. मी पासवर्डच्या मधोमध हॅशचं चिन्ह घातलं होतं, आणि ज्या फाइलमध्ये तो लिहायचा तिथे हॅश म्हणजे 'इथून पुढे शेरा, वाचू नका'. अवतरणचिन्हांत घातल्यावर सुटलं. पलीकडचा मला नाकारत होता ते बरोबरच होतं.

त्यानंतर जे घडलं त्यावर मात्र मला थोडं थांबायचं आहे.

तिन्ही बैठका पार पडल्या. मला पत्ता मिळाला, समोरच्याचा पत्ता मिळाला, नोंदीत दोन्ही स्वच्छ लिहिलेले. आणि तरी काहीच चालेना. मेल नाही, पिंग नाही, म्हणजे 'आहेस का?' या हाकेला साधी ओसुद्धा नाही. सीडीचा दिवा लागलेला, मीटर पळतंय आणि पलीकडून एक अक्षर नाही. तीन रात्री गेल्या. मी मोडेमच्या आज्ञा बदलल्या, वेग कमी केला, दाबून पाठवण्याची पद्धत बंद केली, पासवर्ड पुन्हा लिहिला. जे चालत होतं ते सगळं मी पुन्हा उकरून काढलं.

उत्तर पहिल्या रात्रीपासून नोंदीत होतं. दोन पत्त्यांच्या जरा वर एक ओळ: 'नॉट रिप्लेसिंग एग्झिस्टिंग डिफॉल्ट राउट टू ईटीएच-झिरो'. मी ती दर वेळी वाचत होते. तिच्यात 'एरर' असा शब्द नव्हता, म्हणून डोळे पुढे जात होते.

ईटीएच-झिरो म्हणजे संगणकातलं नेटवर्क कार्ड. पुण्यात ते ऑफिसच्या जाळ्याला जोडलेलं असे, इथे त्याच्या तोंडात काहीच नव्हतं. लिनक्स बसवताना गेटवेचा, म्हणजे बाहेर जायच्या दाराचा, पत्ता विचारला होता आणि रिकामी चौकट नको म्हणून मी पुण्यातला जुना आकडा भरला होता. त्यामुळे संगणकाची ठाम समजूत झाली की बाहेर जाणारं सगळं त्या कार्डावाटे जातं. पीपीपीडीने नवा दरवाजा उघडला. पण घराचं दार आधीच ठरलेलं आहे असं पाहून त्याने ते बदललं नाही आणि बदललं नसल्याचं सांगितलं. माझी प्रत्येक हाक मागच्या दारी जात होती, जिथे गडगा आणि पलीकडे उतार. मी जुनी वाट पुसली, फोन पुन्हा लावला आणि पहिलं पिंग परत आलं. पाव सेकंद लागला त्याला जाऊन यायला.

त्या रात्री मी भाषांतराची फाइल उघडली तेव्हा माझं काम मला वेगळं दिसलं. तोवर मी वाक्य सुंदर व्हावं म्हणून बघत होते. अडलेला माणूस ते मध्यरात्री वाचणार आहे, हे मला सुचलंच नव्हतं. ती ओळ मी मराठीत करून पाहिली: 'बाहेरची मुख्य वाट आधीच ईटीएच-झिरोकडे आहे, ती बदललेली नाही.' इंग्रजी वाक्यात जे होतं तेच, पण असं लिहिल्यावर मी ते ओलांडून गेले नसते असं वाटतं. सूर तुटला की मोडेम देतो त्या 'नो कॅरिअर'साठी मी बरेच दिवस अडले होते. पाठ्यपुस्तकात कॅरिअर म्हणजे वाहक लहर. पण आमच्याकडे वाहक म्हटलं की एस.टी.चा कंडक्टर, आणि मला ते उलट आवडलं. गाडी उभी, इंजिन चालू, माणसं बसलेली. पण वाहकाने डबल बेल दिल्याशिवाय गाडी हलत नाही. 'वाहक नाही' हे आमच्या स्टँडवर उभ्या असलेल्या कुणालाही समजेल.

मित्राने एकदा मेलमध्ये फ्रीबीएसडी या लिनक्ससारख्याच दुसऱ्या प्रणालीची गंमत कळवली होती. तिथला पीपीपी प्रोग्रॅम आज्ञेच्या जागी स्वतःचं नाव दाखवतो, तीन छोटे 'पी'. पलीकडच्याशी पहिलं बोलणं जुळलं की पहिला पी मोठा होतो, ओळख पटली की दुसरा, पत्ता मिळाला की तिसरा. तीन अक्षरांकडे बघितलं की कुठवर पोचलो ते कळतं. इतकी नेमकी खूण मी दुसरी पाहिलेली नाही. आणि ती मराठीत आणता येत नाही, कारण देवनागरीला मोठी-लहान अक्षरंच नाहीत. मी खूप विचार केला, काना वाढवावा, अनुस्वार द्यावा. जमलं नाही. त्याची चुटपुट अजून आहे.

नावांचा घोळ एका संध्याकाळी मिटला. आकड्याने पत्ता दिला तर पोचतंय, नावाने नाही, म्हणजे नावांचा आकडा सांगणारा सर्व्हर फाइलमध्ये लिहायचा राहिला होता.

मग पावसाळाभर चाललं, तुटत तुटत. वीज कडाडायच्या आधी तार उपटून ठेवायची सवय आमच्याकडे सगळ्यांनाच असते. पावसात खरखर वाढायची, वेग २१,६०० वर यायचा, पण काम व्हायचं. गणपतीनंतर आभाळ उघडलं. आता सुधारेल असं वाटलं आणि नेमकं तेव्हाच बिनसलं. कोरड्या, लख्ख दुपारी कनेक्शन दोन-तीन मिनिटांत गळून पडायचं. नोंदीत 'मोडेम हँगअप' आणि खाली, किती मिनिटं टिकलं तो आकडा. पीपीपीडी हा आकडा दर वेळी न चुकता लिहितो.

मी ते आकडे एका वहीत उतरवायला लागले. पंधरा दिवसांत वहीच बोलू लागली. सकाळी सात ते नऊ: ४१ मिनिटं, ५५ मिनिटं, मीच बंद केलं. दुपारी एक ते पाच: ३, ६, २, २. रात्री दहानंतर पुन्हा लांब. आधी वाटलं, एक्स्चेंजवर दुपारी गर्दी असेल. बाबांनी वही पाहिली आणि म्हणाले, "हे तर वाऱ्याचं टाइमटेबल आहे."

पावसाळ्यात आमच्याकडे नैर्ऋत्येचा वारा रात्रंदिवस एकसारखा असतो, त्याला पाळी नसते. दसऱ्याच्या सुमाराला वारे पाळी धरतात. पहाटे जमिनीवरून समुद्राकडे मतलई सुटते, थंड आणि हलकी. दुपारी जमीन तापली की समुद्रावरून खारा वारा चढतो आणि संध्याकाळपर्यंत माड हलवत राहतो. होडीवाल्यांचा सगळा दिवस या दोन वाऱ्यांवर चालायचा. माझी वहीही.

लाइनमन काकांना मी निरोप पाठवला. ते सायकलवरून आले, खांद्याला दोरी, कमरेला चाचणीचा फोन. मी म्हटलं, "काका, नेट चालत नाही." त्यांनी विचारलं, "चलणा नाय म्हंजे काय गो? खंय अडाकता?"

खंय. कुठे. पाच महिन्यांत मला कोणी हा प्रश्न विचारला नव्हता. फोनवरून मदत मागितली की समोरचा म्हणायचा, संगणक बंद करून पुन्हा चालू करा, विंडोज टाका. मी काकांना वही दाखवली. त्यांनी ती शेवटपर्यंत वाचली, मग खळ्यात जाऊन माडांच्या शेंड्यांकडे बघत उभे राहिले.

"वारो इलो की लाइन जाता," ते म्हणाले. "मगे तार खंयतरी हलता हा."

त्यांची पद्धत मी त्या दिवशी मागे मागे चालून पाहिली. ते घरापासून खांब मोजत गेले नाहीत. सरळ मधल्या डीपीवर, म्हणजे घरोघरच्या तारा जिथून फुटतात त्या डबीवर गेले, चाचणीचा फोन लावून ऐकलं. टोन स्वच्छ. म्हणजे एक्स्चेंजपासून इथवर ठीक, बिघाड घराच्या बाजूला. मग उरलेल्या वाटेच्या मधल्या खांबावर. तिथेही स्वच्छ. उरले दोन खांब आणि मधली आमच्या वाडीवरून जाणारी तार. काका काही बोलले नाहीत, वाऱ्याची वाट बघत खांबाला टेकून राहिले. वारा आला. एका माडाचं लोंबतं चुडत तारेवर घासलं, तार झुलली, आणि खांबावरचा जॉइंट त्याबरोबर हलला.

चुडत कोयत्याने तोडलं. जॉइंट त्यांनी उलगडून माझ्या हातात दिला. हाताने पिळा मारून जोडलेलं तांबं, वर काळी टेप, आत हिरवटसर भुकटी. "हो बघ, कळाकलो हा," ते म्हणाले. कल्हई गेलेल्या पितळेच्या भांड्यात आमटी कळकते, तो शब्द त्यांनी तारेला लावला आणि तो अगदी बरोबर होता. खारी हवा तांब्याला जे करते ते आई दर महिन्याला आमसुलाने घासून काढत असे. स्थिर असताना त्या भुकटीतूनही जोड टिकत होता, म्हणून बोलण्याच्या फोनला काही कळलं नाही. वाऱ्याने हलला की सेकंद-दोन सेकंद सुटायचा. माणूस मधे "हॅलो, हॅलो" म्हणतो आणि पुढे बोलतो. मोडेम साधारण दीड सेकंद सूर आला नाही तर फोन ठेवून देतो. एस-दहा नावाच्या कप्प्यात हा आकडा असतो, सेकंदाच्या दहाव्या भागांत, तिथे चौदा लिहिलेलं होतं. मी त्याचे पन्नास केले. काकांनी जोड खरवडून, घट्ट पिळून, वर डाग दिला. डाग म्हणजे कथील आणि शिसं, कल्हई म्हणजे कथील. काकांनी त्या तारेला कल्हईच केली म्हणायची.

त्यानंतर दुपारीही ३३,६०० मिळू लागले. वहीत नोंद आहे, २९ ऑक्टोबर, दुपारी सव्वातीन, १ तास १२ मिनिटं, मीच बंद केलं.

दिवाळीनंतर एकदा कनेक्शन अचानक तुटलं, वारा नसताना. पाच मिनिटांत काका दारात. कुणाच्या तरी तक्रारीसाठी खांबावर चढले होते आणि चुकून आमच्या जोडीवर फोन लावून ऐकलं होतं. "तारेत पावसासारखो आवाज येता हा, तो कसलो?" मी त्यांना आत बसवलं, मोडेमचा आवाज वाढवला आणि पुन्हा फोन लावला. ते डोळे मिटून ऐकत होते. तपासणीचे सूर एकदम वाजले तेव्हा त्यांनी हात वर केला. "ह्यो तार बघता हा," ते म्हणाले, "माझ्यासारखोच." पुढे बऱ्याचदा, वाटेने जाताना ते पडवीत टेकायचे आणि म्हणायचे, लाव बघू एकदा.

काका निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. खांब आहेत, तार नाही. आमच्याकडे आता काचेच्या तंतूवरून इंटरनेट येतं, भिंतीवरच्या पांढऱ्या डबीला एक हिरवा दिवा आहे, आणि माझ्या त्या पन्नास किलोबाइटच्या फाइली केव्हा गेल्या ते कळत नाही. खाऱ्या हवेचं काचेला काही होत नाही, याचा मला मनापासून आनंद आहे. भाषांतराचं काम मी आजही करते, आता त्याचे पैसे मिळतात. वाक्यांच्या जोड्या तशाच येतात, डावीकडे इंग्रजी, उजवीकडे रिकामी चौकट.

गेल्या आठवड्यात एका अॅपची फाइल आली. त्यात एक वाक्य सव्वीस ठिकाणी होतं: काहीतरी चुकलं, नंतर पुन्हा प्रयत्न करा. नेट नसलं तरी तेच, पासवर्ड चुकला तरी तेच, त्यांचा सर्व्हर बंद असला तरी तेच. मराठी करायला दोन मिनिटं लागली असती. मी सव्वीसही चौकटी रिकाम्या ठेवल्या आणि प्रत्येकीपुढे, प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांसाठी शेरा लिहायची जी जागा असते तिथे, एकच शब्द लिहिला. कुठे?